पट्टा कुणाच्या गळ्यात

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि दीपिकासमोरच्या पडद्यावर अकरा मेंढ्या एकदम तापल्या.

एक नव्हे, दोन नव्हे, अकरा. पंधरापैकी अकरा ठिपके लाल आणि चार हिरवे. नऊ वाजता पंधराच्या पंधरा हिरवे होते. आता अकराजणींचं अंग चाळीस अंशांच्या वर आणि पावलं शून्य. ऐन चरायच्या वेळेला मेंढी तासभर जागची हलत नाही, याचा अर्थ मेंढपाळाच्या घरात जन्मलेल्या मुलीला कुणी फोड करून सांगावा लागत नाही. तिने कळपाचं नाव वाचलं. मल्हारी, मुक्काम चुडावा. तिच्या सख्ख्या काकांचा कळप होता तो.

परभणीतल्या एका लहानशा प्रकल्पात दीपिका हे काम करत होती. जिल्ह्यातले सात फिरते कळप, प्रत्येक कळपातल्या पंधरा मेंढ्यांच्या गळ्यात एकेक पट्टा, पट्ट्यात बोटभर यंत्र. दर पाच मिनिटांनी पट्टा अंगाची ऊब आणि पावलांची संख्या बिऱ्हाडाजवळच्या पेटीला कळवायचा, पेटी टॉवरला, टॉवर परभणीला. आकडे साठवून ठेवायचे आणि महिन्याने त्यांचा अहवाल करून कपाटात घालायचा, हा शहाण्या लोकांचा उद्योग दीपिकाला मान्य नव्हता. तिचा प्रोग्रॅम वाहते आकडे वाहतानाच गाळायचा. एक मेंढी तापली तर ऊन असेल म्हणून सोडून द्यायचा. अर्ध्या तासात तीन तापल्या तर कान टवकारायचा. एका कळपातल्या तिसरा हिस्सा मेंढ्या तापल्या आणि चालेनाशा झाल्या, तर तो ठरवायचा की रोग आला.

आणि आत्ता त्याने तेच ठरवलं होतं. थोड्याच मिनिटांत सातही कळपांच्या धन्यांना, जनावरांच्या डॉक्टरांना आणि ज्या गावांत कळप उतरले होते तिथल्या सरपंचांना निरोप जाणार होता की मल्हारीच्या कळपात साथ आहे, त्याला जवळ येऊ देऊ नका.

मेंढपाळाला हा निरोप म्हणजे गावबंदीच. सोयाबीन निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंडीमुताचं खत शेतकऱ्याला आणि रानातला पाला मेंढरांना, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. रोगट म्हणून एकदा नाव झालं की मल्हारीला वर्षभर कुणी बांधावर उभं करणार नव्हतं. पण निरोप अडवला आणि रोग खरा निघाला, तर तो एकाच पाणवठ्यावरून बाकीच्या कळपांत जाणार होता.

"सर," ती उठून शेजारच्या खोलीत गेली, "काकांच्या कळपात अकरा मेंढ्या."

योगीराज सर प्रकल्पाचे प्रमुख आणि मुळात जनावरांचे डॉक्टर. त्यांनी आकडे दोनदा खालीवर केले. "निरोप आपल्याला किती वेळ अडवता येतो?"

"दीड तास. त्यापुढे प्रोग्रॅम कुणाचंच ऐकत नाही. मीच तसं लिहिलंय."

"मग अडव. औषधांची पेटी जीपमध्येच आहे."

दीपिकाने निरोप अडवला. तेवढं एक बटण दाबणं तिला जड गेलं.

ते का जड गेलं, हेही सांगायला हवं. ती नऊ वर्षांची असताना चारठाण्याच्या शिवारात तिच्या वडिलांचा, सितारामचा, कळप मरीत गेला. ब्याण्णव मेंढरं अकरा दिवसांत गेली. पहिल्या दिवशी एकच मेंढी चरायचं सोडून नुसती उभी राहिली होती. सिताराम म्हणाला, दमली असंल. त्यानंतर तो परभणीला आला, एका गोदामावर राखणीला लागला, आणि मेंढरांबद्दल बोलायचाच थांबला. "एक दिस आधी कळलं असतं तर," एवढं एकदाच बोलला होता. दीपिका प्रकल्पाचं कौतुकाने सांगायला गेली, तेव्हासुद्धा त्याने ऐकून घेतलं आणि कूस बदलली. बापाचा तो एक दिवस परत आणायचा म्हणूनच तिने हा सगळा उपद्व्याप मांडला होता.

जीप निघाली. दीपिकाने काकांना फोन लावला. मल्हारीकाकांचा फोन घोड्यावरच्या पिशवीत राहायचा, घोडा बिऱ्हाडाजवळ बांधलेला असायचा आणि काका असायचे मेंढरांमागे कोसभर दूर. घोडा काही फोन उचलत नव्हता. मग तिने दिनकररावांना लावला. कळप त्यांच्याच रानात उतरला होता.

"मी पूर्णेला आलोय हरभऱ्याच्या बियाण्याला," दिनकरराव म्हणाले. "सकाळी निघालो तवा तर बरी होती मेंढरं. कामून वो ताई? काय झालं का?"

"काही न्हाई. सहज इचारलं."

खोटं बोलताना तिला आपलीच लाज वाटली. पण खरं सांगितलं असतं, तर दिनकररावांनी बियाणं तिथंच टाकून आधी बिऱ्हाड हलवायला सांगितलं असतं, आणि त्यांचंही काही चुकलं नसतं.

पिंगळीच्या पुढे फोनचं नेटवर्क गेलं आणि आकडे थांबले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. दीपिकाला यातलं काही दिसत नव्हतं. ती हातातल्या मेलेल्या पडद्याकडे बघत होती. नेटवर्क आलं तसे मागचे आकडे एकदम लोटले. प्रत्येक आकड्यासोबत तो कधी मोजला त्याची वेळ असते, त्यामुळे उशिरा आला तरी आकडा आपल्या जागी जाऊन बसतो. चाळीस पूर्णांक दोन. चाळीस पूर्णांक एक. परत चाळीस पूर्णांक दोन.

"हे जरा विचित्र आहे," गाडी चालवता चालवता योगीराज सर म्हणाले. "मरीचा ताप एव्हाना एक्केचाळीसच्या पुढे जायला हवा. हा एका जागी बसलाय."

"सर! सात नंबर हिरवी झाली!"

खरंच, एक लाल ठिपका हिरवा झाला होता. आता दहाच लाल होते. दीपिकाला एवढं बरं वाटलं की तिने जीपच्या दारावर थाप मारली. एक सुधारली म्हणजे बाकीच्याही सुधारतील, असं तिने मनाशी धरलं. बुडत्याला एवढंही पुरतं.

चुडाव्याच्या पलीकडे दिनकररावांच्या रानात जीप शिरली, तेव्हा निरोप सुटायला सोळा मिनिटं उरली होती.

बाभळीला घोडा बांधलेला होता. शेजारच्या खांबावर प्रकल्पाची पेटी. तीन दगडांची चूल विझलेली. मेंढरं नाहीत, माणसं नाहीत, आणि राखणीचं कुत्रंसुद्धा दिसेना. बाभळीच्या कडेला, उन्हात, कोंबड्या झाकतात तसं बांबूचं एक भलंमोठं डालगं पालथं घातलेलं, त्यावर घोंगडी, घोंगडीवर दगड.

"काकू!" दीपिकाने हाक मारली. कुणी ओ दिली नाही. चारठाण्याला शेवटच्या दिवशी बिऱ्हाड असंच दिसत होतं.

"काकूऽऽ!"

"आले, आले! वरडायलीस कामून एवढी?" विहिरीकडून आवाज आला आणि पाठोपाठ डोक्यावर दोन घागरी घेऊन कासाबाई आली. मल्हारीची बायको, दीपिकाची काकू. पुतणीला भर दुपारी रानात बघून तिला नवल वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. "आलीस व्हय? लय लवकर आलीस गं. माझ्या पाण्याच्या खेपाबी आजून सरल्या न्हाईत."

"काकू, मेंढरं कुठायत?"

"काका नेलेत की कालव्याकडं चरायला."

"सगळी? चालत गेली?"

"न्हाई, बैलगाडीत बसून गेली. आगं, चालतच जातेत की मेंढरं. सकाळी वाघरीच्या जाळ्यातून अशी उधळली की तुझ्या काकाला पळता भुई थोडी झाली."

"मग पट्टे, काकू? पट्टे कुठायत?"

कासाबाईने घागरी उतरवल्या, पदराने तोंड पुसलं, डालग्यावरचे दगड एकेक करून बाजूला ठेवले, घोंगडी ओढली आणि डालगं उचललं.

आत कोकरं होती. कालपरवाची, आज पहाटेची, एकमेकांना चिकटून, एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपलेली. अकरा कोकरं. आणि प्रत्येकाच्या इवल्याशा गळ्यात दुहेरी वेढा देऊन, सुतळीने नीट आवळून बांधलेला प्रकल्पाचा पट्टा.

दीपिका मटकन ढेकळांत बसली. आधी तिला हसू फुटलं, मग रडू, आणि मग दोन्ही एकदम सुरू झाली. छातीवरची शिळा कुणीतरी उचलून बांधापलीकडे टाकली असं तिला वाटलं. रोग नव्हता. मेंढरं कालव्यावर चरत होती. काकाला कुणी बांधावरून हाकलणार नव्हतं. एक कोकरू जागं झालं आणि तिच्या ओढणीचं टोक चोखायला लागलं. तिने ते चोखू दिलं.

"आता रडायला काय झालं?" कासाबाई गोंधळली.

"काकू, हे पट्टे मोठ्या मेंढरांचे हायत गं! कोकराचं अंग मुळात ऊन, त्यात तू झाकून उन्हात ठिवलीस. मला तिकडं वाटलं, मरी आली."

"मरी!" कासाबाईने कानावर हात ठेवले. "वंगाळ बोलू नगंस. आन् मला कशाला बोलायलीस? तूच म्हणलीस ना पट्टे बांधताना, काकू, ज्याच्या गळ्यात पट्टा त्याच्यावर माझी नजर. पाच पाच मिन्टाला बघत आसते म्हणलीस. मोठ्या मेंढरावर काकाची नजर हाय, कुत्र्याची हाय. त्यायला आजून कशाला नजर? ह्यांच्यावर कुणाची हाय? दोन दिस झाले कोल्हं फिरायलंय. मला पाण्याला जायचं व्हतं. म्हणलं, घटकाभर दीपी बघंल."

योगीराज सर इतका वेळ औषधांची पेटी हातात घेऊन उभे होते. ती त्यांनी खाली ठेवली आणि पोट धरून हसत सुटले.

दीपिकाला ते आठवलं. ती ते वाक्य बोलली होती, अगदी तसंच, पाच महिन्यांपूर्वी, ऐटीत. पट्टा हा नमुना असतो, पंधरांवरून दीडशेचा अंदाज बांधायचा असतो, हे तिला ठाऊक होतं, पण ते तिने काकूला सांगितलं नव्हतं. नजर ठेवते म्हणाली होती. काकूने विश्वास ठेवला आणि सगळ्यात लहान लेकरं तिच्या हवाली करून पाण्याला गेली.

"आन् चार पट्टे मोठ्यांच्याच गळ्यात कसे राहिले?"

"कोकरं अकराच झाली. उगं काढायचे कशाला?"

निरोप सुटायला नऊ मिनिटं होती. दीपिकाने फोन काढून तो रद्द केला. प्रोग्रॅमने कारण विचारलं. हेही तिनेच लिहिलेलं होतं: यंत्रात बिघाड, मोजमापात चूक, किंवा इतर. यंत्र बिघडलं नव्हतं. मोजमाप तर अगदी बरोबर होतं. तिने "इतर" निवडलं आणि पुढे लिहिलं, "कोकरं". निरोप रद्द झाला आणि ती फोन खिशात टाकणार, तेवढ्यात थबकली.

दहा लाल. पाच हिरवे.

पाच कसे? मोठ्यांच्या गळ्यात चारच पट्टे होते.

सात नंबर. जीपमध्ये जो हिरवा झाला म्हणून तिने दारावर थाप मारली होती तो. तिने त्यावर बोट ठेवलं. सदतीस पूर्णांक आठ. सदतीस पूर्णांक एक. छत्तीस पूर्णांक सहा. प्रोग्रॅमला फक्त वर चढणाऱ्या आकड्याची भीती शिकवलेली होती. खाली घसरणारा त्याच्या लेखी बरा झाला होता.

"सर, सात नंबर बरं होत नाहीये. ते गार पडायलंय!"

दोघांनी कोकरं बाजूला सारत पट्टे वाचले. नऊ, दोन, चौदा. सातवं अगदी कडेला होतं, बाकीच्यांनी ढकलून दिलेलं, पोट खपाटीला गेलेलं, पाय आखडलेले. हाडामासाची मूठभर पिशवी. योगीराज सरांनी त्याच्या तोंडात बोट घातलं आणि मान हलवली. "तोंड गार आहे. हे प्यायलेलंच नाही."

"पहाटंचं हाय ते," कासाबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पहिलटकरणीचं. ती लय भित्री, चाटलं न चाटलं आन् कळपासंगं पळाली. म्या म्हणलं, दुपारी पाजू."

"आधी ऊब. गार असताना दूध घालू नका, छातीत जाईल."

कासाबाईने ते बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने कोकरू उचललं, पदरात घेतलं, पोटाशी धरलं आणि पाय पसरून बसली. दीपिकाने चूल पेटवली, पाणी ठेवलं. ते तापल्यावर सरांनी पाण्याची बाटली भरली, फडक्यात गुंडाळली आणि कोकराच्या पाठीशी लावली. मग तिघंही बसून राहिली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

दीपिका फोनकडे बघत होती. छत्तीस पूर्णांक चार. पाच मिनिटं. छत्तीस पूर्णांक चार. पाच मिनिटं इतकी लांब असतात हे तिला आजवर माहीत नव्हतं. मरीतून वाचलेल्या दीडशे मेंढरांचा आनंद पदरात असताना एका मूठभर कोकरासाठी ती आकडे मोजत बसली होती.

"वर यायलंय," कासाबाई म्हणाली. तिचं बोट कोकराच्या तोंडात होतं.

"न्हाई गं काकू, आजून तेवढंच हाय."

"तुझ्या डब्याला काय कळतंय! यायलंय म्हणते ना."

मिनिटाभराने आकडा बदलला. छत्तीस पूर्णांक नऊ. दीपिकाने फोन काकूपुढे धरला. काकूने बघितलासुद्धा नाही. मग सदतीस पूर्णांक सहा. मग अडतीस पूर्णांक दोन, आणि त्याच सुमाराला पदरातून अगदी बारीक, रागावल्यासारखा आवाज आला. योगीराज सर मोठ्याने "शाब्बास!" म्हणाले आणि मग जरा संकोचले.

दुपारच्या पाजणीला मल्हारी कळप घेऊन परतला. बांधावरून दीडशे मेंढरं धुरळा उडवत उतरली, आणि दीपिकाने ती डोळे भरून बघितली. अशी धडधाकट, बिनडोक, कलकलाट करणारी मेंढरं तिला आयुष्यात कधी इतकी सुंदर वाटली नव्हती. काकूने चार शब्दांत सगळं सांगितलं. मल्हारीने पहिलटकरणीला पायाला धरून ओढत आणलं, तिचा चीक पेल्यात काढला आणि कोकराला चमच्याने पाजला. मग कोकरू तिच्यापुढे ठेवून तो तिची मान धरून बसला.

"पट्टे काढू का मग?" कासाबाईने विचारलं. "तुझं काम खोळंबंल."

"मोठ्यांचे मोठ्यांना बांधू. पण कोकरांसाठी येगळे आणते मी, हलके. आन् कोकरू गार पडायला लागलं तरबी पट्टे बोंब मारतील असं करते."

"आण बाई. मला पाण्याला जावंच लागतंय."

योगीराज सर म्हणाले, "चहा झाला असता तर बरं झालं असतं." कासाबाईने लगेच चुलीवर भांडं चढवलं.

दीपिका बाभळीखाली गेली आणि तिने वडिलांना फोन लावला. का लावला ते तिला नीट सांगता आलं नसतं. सिताराम गोदामाच्या दारात बसलेला असणार. तिने एका दमात सगळं सांगितलं, अकरा लाल ठिपके, जीप, डालगं, पट्टे, सात नंबर. तिला वाटलं, नेहमीसारखं ऐकून घेतील आणि ठेवून देतील.

"बाबा? ऐकायलाव का?"

"उठलं का?" सितारामने विचारलं.

"काय?"

"कोकरू. पायावर उठलं का?"

दीपिकाने वळून बघितलं. कोकरू चारी पाय चार दिशांना फाकवून उभं राहिलं होतं. पडलं. परत उठलं.

"उठलं, बाबा."

"आन् मेंढी चाटायली का त्याला?"

हे कुठल्याच पट्ट्यात मोजलेलं नव्हतं. मल्हारीने मेंढीची मान सोडून दिली होती. ती क्षणभर तशीच उभी राहिली, कळपाकडे बघितलं, आणि मग मान खाली घालून कोकराची पाठ चाटायला लागली.

"चाटायली, बाबा."

सतरा वर्षांत पहिल्यांदा बापाने मेंढरांविषयी काही विचारलं होतं. फोनवर त्याने नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग फिकीर न्हाई," तो म्हणाला. "मल्हारीला फोन दे जरा."